जुन्या घरांच्या नव्या खिडक्या : रंग व लेप यांची निवड

जुन्या घराच्या दुरुस्तीस हात घातला की छप्पर आणि जोते यांच्या खालोखाल खिडक्यांचा प्रश्न उभा राहतो. पावसाचे पाणी मुरून चौकटीचा तळ कुजलेला असतो, झडपा ओढल्याशिवाय मिटत नाहीत, बिजागऱ्या गंजलेल्या असतात. अशा वेळी जुनी खिडकी काढून नवी बसविण्याचा निर्णय चटकन घेतला जातो. आणि तिला रंग कोणता द्यावा हा प्रश्न मात्र सर्व काम आटोपल्यावर, दुकानातील रंगपत्रिका समोर ठेवून सोडविला जातो. हा क्रम उलटा असावयास हवा. खिडकी कोणत्या पदार्थाची असावी, त्या पदार्थावर कोणता लेप टिकेल, तो किती वर्षांनी नव्याने द्यावा लागेल आणि घराच्या दर्शनी भागाशी तो कितपत मिळेल, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. खिडकीची मागणी नोंदविण्यापूर्वीच त्यांचा एकत्रित विचार झाला पाहिजे. तसा तो न झाल्यास खर्च दुप्पट होतो, घराची कळा बिघडते, आणि जुना रंग खरवडताना घरातील मुलांच्या प्रकृतीसही धोका पोहोचू शकतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार माळव्यातील बेटमा व इंदूर परिसराचे उदाहरण घेऊन केला आहे. तेथील हवामान व घरांची बांधणी महाराष्ट्राच्या पठारी भागाशी पुष्कळ अंशी जुळत असल्याने येथील वाचकांसही तो उपयुक्त ठरावा.

माळव्यातील घर आणि त्याची खिडकी

इंदूरच्या पश्चिमेस, धार व पुढे अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावर बेटमा हे गाव आहे. परमार राजा भोज याचा विक्रम संवत् १०७६ चा, म्हणजे इ. स. १०२० चा ताम्रपट येथे सापडला. कोकणच्या विजयानिमित्त दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. पुढे अठराव्या शतकात माळव्यात मराठ्यांचा अंमल स्थिरावला, होळकरांच्या मुलखात मराठी कुटुंबे वसली आणि त्यांच्याबरोबर चौकाभोवती खोल्या असलेल्या वाड्याची कल्पनाही तेथे रुजली. स्थानिक कारागिरांनी तिला माळव्याची माती, वीट, चुना आणि लाकूड यांची जोड दिली.

या बांधणीचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे इंदूरचा राजवाडा. त्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार मुख्यतः लाकडी आहेत. ही वास्तू १८०१, १९०८ आणि १९८४ अशी तीन वेळा आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. लाकडी घराच्या दुरुस्तीत अग्नीचा विचार सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो, तो का, हे या इतिहासावरून ध्यानी यावे.

सामान्य घरांत हीच रीत लहान प्रमाणावर दिसते. भिंती जाड, आत लाकडी खांब व तुळया, वर कौले, पुढे ओटा. खिडकी बहुधा उभट, दोन झडपांची, आतून लोखंडी गज असलेली. भिंतीची जाडी दीड ते दोन फूट असल्याने खिडकीच्या आतल्या बाजूस खोल बगल तयार होते. पुष्कळदा ही बगल आतल्या अंगास तिरकस कापलेली असते, त्यामुळे बाहेरचा उजेड खोलीत पसरतो. भिंतीला चुन्याची सफेदी आणि दारे-खिडक्यांना गडद हिरवा, निळा किंवा तपकिरी तेलरंग ही जोडी मध्य भारतातील जुन्या वस्त्यांत अनेक ठिकाणी आढळते.

बदलण्यापूर्वी तपासणी

रंगाचा विचार करण्यापूर्वी खिडकी खरोखरच बदलावयाची आहे काय, हे ठरविणे अगत्याचे आहे. जुने सागवान घन आणि तेलकट असते. वाळवी व बुरशी यांना ते दीर्घकाळ दाद देत नाही. खिडकी खराब झाली असे म्हणतात तेव्हा बहुधा चौकटीचा तळपट्टा, झडपेचा खालचा आडवा पट्टा आणि बिजागरीच्या जागा एवढाच भाग निकामी झालेला असतो. टोकदार सळई लाकडात दाबून पाहावी. ती सहज आत शिरेल तेवढा भाग कुजलेला समजावा. कुशल सुतार हा भाग कापून त्या जागी त्याच जातीचे, नीट सुकविलेले लाकूड सांधू शकतो. अशी सांधलेली खिडकी रंगविल्यावर सांधा दिसतही नाही.

माळव्याच्या काळ्या जमिनीचा गुणधर्मही येथे लक्षात घेतला पाहिजे. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असल्यास भिंती किंचित हलतात व खिडकीची चौकट काटकोनात राहत नाही. झडप मिटत नाही याचे कारण कित्येकदा झडपेत नसून पायात असते. म्हणून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. त्यांत फरक आढळल्यास प्रथम त्याचे कारण शोधावे. अन्यथा नवी खिडकीही दोन-तीन पावसाळ्यांत तशीच अडू लागेल. लाकडी झडप रंधा मारून पुन्हा बसविता येते. कारखान्यात तयार झालेल्या धातूच्या वा प्लास्टिकच्या खिडकीस ही सोय नसते.

जुन्या रंगाचा शोध

नव्या खिडकीचा रंग ठरविण्यासाठी सर्वांत विश्वसनीय आधार म्हणजे जुनी खिडकी. तिच्यावर पन्नास-शंभर वर्षांत चढलेले रंगाचे थर एकावर एक साठलेले असतात. बिजागरीच्या मागे, गजांच्या खाचेत किंवा चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे ऊन-पाऊस पोहोचत नाही, तेथे हे थर शाबूत राहतात. अशा जागी रुपयाएवढा भाग पाण्याने ओला करून बारीक पॉलिशकागदाने अलगद घासल्यास थरांची वर्तुळे एकाबाहेर एक अशी उमटतात. भिंगातून पाहता तळाशी अस्तर, त्यावर पहिला रंग आणि नंतरचे रंग क्रमाने ओळखता येतात.

हे थर वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. जवसाच्या तेलातील पांढरा रंग अंधाऱ्या जागी पिवळट पडतो. त्यामुळे आज बदामी दिसणारा थर मूळचा पांढरा असू शकतो. उलटपक्षी उन्हात राहिलेला रंग विटतो, म्हणून केवळ बाहेरच्या बाजूवरून निष्कर्ष काढू नये. नमुना नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा.

मूळ रंग सापडला म्हणजे तोच दिला पाहिजे असा काही दंडक नाही. परंतु घर बांधणाऱ्यांनी भिंत, लाकूड आणि लोखंड यांचा मेळ कसा घातला होता, हे त्यावरून कळते. पुष्कळदा असे आढळते की मूळ रंगसंगती दोन किंवा तीनच रंगांची होती; भडक थर पुढील काळात, तयार डबे बाजारात आल्यावर चढलेले असतात. भारतातील पहिल्या मोठ्या रंग कारखान्यांपैकी एक, शालिमार, १९०२ साली हावड्यास निघाला. तत्पूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ कारागीर गेरू, रामरज, हिरमुजी, नीळ, काजळ अशी रंगद्रव्ये तेलात घोटून रंग तयार करीत. त्यामुळे जुन्या घरांवरील छटा बहुधा मातीशी मिळत्याजुळत्या असतात.

जुन्या रंगातील शिसे

जुने थर ज्याप्रमाणे माहिती देतात त्याचप्रमाणे ते धोकादायकही असू शकतात. पूर्वीच्या तेलरंगांत पांढरेपणासाठी, लवकर वाळण्यासाठी व पिवळ्या-केशरी छटांसाठी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. लोखंडी गजांवरील शेंदरी अस्तर हा तर बहुधा शिशाचाच असे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ साली झाले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव धरूनच काम करणे शहाणपणाचे होय.

घरातील इतर भागांपेक्षा खिडकीत हा धोका अधिक असतो, कारण झडप उघडता-मिटताना रंग रंगावर घासतो व त्याची बारीक धूळ खिडकीच्या तळाशी साचते. मुले तेथेच बसतात, हात टेकतात आणि तोच हात तोंडात घालतात. मुलांच्या शरीरात शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मेंदूच्या वाढीवर त्याचा होणारा परिणाम भरून निघत नाही. म्हणून जुना रंग काढताना पुढील दक्षता घ्यावी.

१. रंग कोरडा खरवडू किंवा यंत्राने कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा.

२. ब्लोलॅम्पने रंग जाळू नये. त्यामुळे शिशाची विषारी वाफ निघते आणि लाकडी घरास आग लागण्याचेही भय असते.

३. शक्य तेथे झडपा उतरवून घराबाहेर, जमिनीवर ताडपत्री अंथरून काम करावे. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

४. काम करणाऱ्याने नाका-तोंडावर योग्य प्रतीची धूळरोधक पट्टी बांधावी, हात-तोंड धुतल्याखेरीज खाऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

५. निघालेला चुरा गोळा करून पिशवीत बांधावा. तो अंगणात, विहिरीजवळ किंवा चुलीत टाकू नये. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

जुना रंग घट्ट चिकटलेला असेल आणि झडप नीट मिटत असेल, तर तो मुळीच न काढता स्वच्छ करून त्यावर नवा थर देणे हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो.

ऊन, पाऊस आणि दिशा

लेपाचे आयुष्य कंपनीच्या हमीपेक्षा खिडकीच्या दिशेवर अधिक अवलंबून असते. बेटमा कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथे जूनच्या व जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या काळात दक्षिणेकडील खिडकीवर ऊन फारसे पडत नाही, लहानसा छज्जाही तिला पुरतो. पश्चिमेकडील खिडकीची गोष्ट निराळी. दुपारनंतरचे उतरते ऊन छज्जाखालून थेट तिच्यावर येते, आणि पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा पाण्याचा मारा तिच्यावरच करतो. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच डब्यातून रंगविलेल्या खिडक्यांपैकी पश्चिमेकडची खिडकी आधी फुटते हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

उन्हाळ्यात या भागातील तपमान ४० अंशांच्या वर जाते. हवा ४२ अंश असता उन्हातील गडद पृष्ठभाग ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. पांढऱ्या किंवा फिक्या पृष्ठभागाचे तपमान त्याहून पुष्कळच कमी राहते. गडद रंगाखालील लाकूड अधिक आकसते, सांधे उघडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या फटींतून रंगाखाली शिरते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीस गडद रंग द्यावयाचाच असेल तर त्यावर छज्जा, पडवी किंवा झिलमिलीची झडप यांची सावली असावी. पैशाची ओढ असल्यास प्रथम पश्चिमेच्या खिडक्या कराव्यात. उत्तरेच्या खिडक्या पुढील वर्षावर ढकलल्या तरी विशेष हानी होत नाही.

पदार्थानुसार लेप

लाकूड : नव्या लाकडी खिडकीत सर्वांत मोठी चूक होते ती लाकूड भिंतीत बसवून मग रंगविण्याची. चौकटीची भिंतीकडील बाजू आणि पट्ट्यांची कापलेली टोके लाकडातील पाणी शोषणारी तोंडे होत. त्यांना बसविण्यापूर्वीच अस्तराचे दोन हात दिले पाहिजेत. सागाच्या अंगचे तेल रंग धरू देत नाही. म्हणून अस्तर लावण्याआधी ताजा घासलेला पृष्ठभाग पातळकाने पुसून घ्यावा. त्यानंतर अस्तर, लांबी, पुन्हा अस्तर आणि वर एनॅमलचे दोन हात हा क्रम योग्य होय. लांबी केवळ खिळ्यांची भोके व भेगा यांत भरावी. सबंध पृष्ठभागावर तिचा जाड थर दिल्यास लाकडाच्या हालचालीबरोबर ती सुटते व रंगाचे पापुद्रे निघतात. उघड्या बाजूचा एनॅमल साधारणतः तीन ते पाच वर्षांनी नव्याने द्यावा लागतो.

लाकडाचा मूळ रंग दिसू द्यावयाचा असल्यास लेपाची निवड अधिक काळजीने करावी. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते, तेव्हा ते बाहेर वापरू नये. मेलामाइनचा लेपही घरातील फर्निचरासाठीच योग्य. बाहेरच्या बाजूस उन्हास टिकणारा पॉलियुरेथेन लेप चालतो, परंतु तो एकदा फुटू लागला की सबंध काढून नव्याने द्यावा लागतो. जवसाचे तेल पाजण्याची जुनी पद्धत दिसण्यास साधी असली तरी तिचा गुण असा की लेप सोलून निघत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात दिला की काम भागते. मात्र तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. लाकडी माडी असलेल्या घरात या सूचनेकडे दुर्लक्ष होऊ नये.

ॲल्युमिनियम : ही खिडकी कुजत नाही व तिला वाळवी लागत नाही. तिच्यावर दोन प्रकारचे लेप मिळतात. अ‍ॅनोडायझिंगमध्ये धातूच्याच पृष्ठभागाचे विद्युत्-रासायनिक क्रियेने कठीण आवरण बनते. बाहेरच्या कामासाठी ते १५ ते २५ मायक्रॉन जाडीचे असावे. पावडर लेपात रंगाची भुकटी धातूवर बसवून सुमारे २०० अंशांच्या भट्टीत वितळवितात. त्याची जाडी साधारणतः ६० ते ८० मायक्रॉन असते आणि त्यात हव्या त्या छटा मिळतात. जुन्या घरासाठी चकाकणाऱ्या चंदेरी अ‍ॅनोडायझिंगपेक्षा मंद झळाळीचा पावडर लेप अधिक शोभतो. ओला चुना व सिमेंट ॲल्युमिनियमला आणि त्याच्या लेपाला खातात. यास्तव भिंतीची डागडुजी, गिलावा व सफेदी आटोपल्यावरच ही खिडकी बसवावी. तिच्यावरील संरक्षक चिकटपट्टीही बसविल्यानंतर लगेच काढावी. उन्हात राहिल्यास ती लेपास कायमची चिकटते.

यूपीव्हीसी : या प्लास्टिकच्या खिडक्या धूळ व आवाज चांगला अडवितात. परंतु त्यांचे प्रसरण ध्यानात घ्यावे लागते. १.२ मीटर लांबीची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियमची तेवढीच पट्टी सुमारे एक मिलिमीटर वाढते. यूपीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणजे पश्चिमेच्या उन्हात तापलेली गडद पट्टी या मर्यादेच्या बरीच जवळ पोहोचते. पांढऱ्या प्रकारात टायटॅनियम डायऑक्साइड असल्याने तो ऊन परतवितो व दीर्घकाळ टिकतो. रंगीत प्रकारावर पातळ पट्टी चिकटविलेली असते. तिचा रंग विटला तर घरच्या घरी ब्रशने रंगविणे सहसा समाधानकारक होत नाही. गडद छटा हवी असल्यास आत पोलादी आधार आहे काय आणि भिंत व चौकट यांत प्रसरणास जागा सोडली आहे काय, याची खात्री करून घ्यावी.

लाकडाचा भास निर्माण करणाऱ्या छापील पट्ट्या हल्ली पुष्कळ वापरल्या जातात. शेजारी खरे सागवानी दार किंवा खांब असताना हा भास टिकत नाही. दोन्ही एकत्र पाहताच फरक उघड होतो. कृत्रिम पदार्थाची खिडकी घ्यावयाचीच असेल तर जुन्या तेलरंगाशी मिळता एकरंगी लेप घेणे अधिक योग्य. पट्ट्यांची रुंदीही पाहावी. जुन्या झडपेच्या पट्ट्या सडपातळ असतात. जाड पट्ट्यांची नवी खिडकी त्याच रंगात रंगविली तरी जड दिसते आणि खोलीतील उजेड कमी करते.

रंग ठरविताना

खिडकीचा रंग स्वतंत्रपणे ठरवून चालत नाही. भिंत, चौकट, झडप आणि गज यांचा एकत्रित विचार करावा. यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील रीती पाहणे उद्बोधक आहे. पुण्यातील विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागात कोरीव लाकूडकामच प्रमुख आहे. १८०७ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचे सौंदर्य लाकडाच्या गडद वर्णावर व त्यावर पडणाऱ्या छायाप्रकाशावर उभे आहे. पणजीच्या फोंताइन्यश भागात रंग भिंतीने घेतला आहे. तेथे पिवळ्या, तांबड्या, निळ्या भिंतींवर खिडकीभोवतीची पांढरी किनार उठून दिसते, आणि अतिवृष्टीमुळे पावसाळ्यानंतर नव्याने रंग देण्याचा प्रघात पडला. माळव्याच्या घरात भिंत फिकी आणि लाकूड रंगीत. या तीन रीतींपैकी एकीतील भिंत व दुसरीतील खिडकी एकत्र केल्यास घर विजोड दिसते. ज्या गावातील घर, त्या गावाची रीत प्रथम पाहावी.

छटा निवडताना पुढील बाबी उपयोगी पडतील. चुन्याच्या भिंतीचा पांढरा रंग किंचित ऊबदार असतो. त्याशेजारी निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा रंग कोरडा वाटतो, म्हणून खिडकीस पांढरा द्यावयाचा तर हस्तिदंती झाकेचा घ्यावा. गडद हिरवा, काजळ मिसळलेला निळा, हिरमुजी आणि तपकिरी हे रंग चुन्याच्या भिंतीशी उत्तम जमतात व धूळही झाकतात. झडपेचा बाहेरचा रंग काहीही असो, आतली बाजू व खिडकीची बगल फिकी ठेवावी. गडद पट्टीमागे एकदम उजळ आकाश आले की डोळ्यांस त्रास होतो. बगल पांढरी असल्यास हा विरोध सौम्य होतो आणि जाड भिंतीच्या खोलीत उजेडही अधिक येतो. गजांना शिसेविरहित गंजरोधक अस्तर देऊन वर झडपेपेक्षा एक छटा गडद रंग द्यावा.

झळाळीचाही विचार व्हावा. अतिचकाकी एनॅमलवर धूळ कमी बसते, परंतु जुन्या लाकडातील प्रत्येक खड्डा त्यात ठळक दिसतो. बाहेर मध्यम व आत मंद झळाळी ही तडजोड बहुतेक घरांस मानवते. काच हाही रंगाचाच एक भाग आहे. आरशासारखी परावर्तक किंवा गडद काच बसविली की चौकटीचा रंग कितीही काळजीने निवडलेला असला तरी रस्त्यावरून ती काचच प्रथम दिसते. ऊन अडविण्यासाठी छज्जा व झिलमिली, आणि काच मात्र स्वच्छ, अशी योजना जुन्या घरास अनुरूप होय.

रंगपत्रिकेवरील बोटभर चौकोनावरून निर्णय घेऊ नये. एक फूट लांब-रुंद फळीवर अस्तरासह प्रत्यक्ष रंग लावून ती खिडकीच्या जागी टांगावी आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी, शक्यतो भिंत ओली व कोरडी अशा दोन्ही स्थितींत पाहावी. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक तीव्र भासतो, हेही ध्यानी धरावे.

परवानगी व करारातील नोंदी

घर संरक्षित स्मारकाजवळ असल्यास काम सुरू करण्यापूर्वी चौकशी करणे जरूर आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. तेथील दुरुस्तीस सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. बृहन्मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली असून सूचीतील इमारतींच्या बाह्य बदलांवर तिचे नियंत्रण आहे. अन्यत्र स्थानिक नगरपरिषदेकडे विचारणा करावी.

कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात ‘चांगल्या प्रतीचा रंग’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. अस्तराचा प्रकार, हातांची संख्या, प्रत्येक हातामधील वाळण्याचा अवधी, पावडर लेपाची जाडी, रंगाचा क्रमांक, शिसेविरहित असल्याचा उल्लेख आणि बसविण्यापूर्वी रंगवावयाच्या बाजू यांची स्पष्ट नोंद असावी. प्रथम एकच खिडकी पूर्ण करून घ्यावी आणि ती पसंत पडल्यावर उर्वरित कामास संमती द्यावी. कामासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातील ओल्या लाकडावर दिलेला रंग फुगतो, तर मे महिन्यातील तापलेल्या लाकडावर तो लावता लावताच सुकतो आणि नीट पसरत नाही. हिवाळ्यातही सकाळचे दव पुसून लाकूड कोरडे झाल्यावरच ब्रश हाती घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर उरलेला थोडा रंग घट्ट झाकणाच्या डब्यात जपून ठेवावा. रंगाचा क्रमांक, लेपाचा प्रकार आणि कामाचे वर्ष झडपेच्या वरच्या कडेवर, जेथे ऊन लागत नाही, तेथे लिहून ठेवावे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खिडकीचा तळपट्टा व पाणी वाहून जाण्याची खाच तपासून जेथे रंग सुटला असेल तेवढ्याच जागी अस्तर व रंगाचा हात द्यावा. एका सकाळचे हे काम दरवर्षी झाले, तर सबंध खिडकी पुन्हा रंगविण्याची वेळ बरीच लांबते आणि ती बदलण्याचा प्रश्न बहुधा पुढील पिढीपर्यंत उद्भवत नाही.